मंगळवार-शुक्रवारच्या फुल्या

आमच्या डच मुलुखात, ग्रोनिंगेनकडे, वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. त्यात वार नसतात, नुसत्या तारखा, म्हणून ते वर्षानुवर्षं चालतं. बसल्या बसल्या नजर पडावी आणि कुणाचा वाढदिवस चुकू नये, एवढाच हेतू. आमचं अजून माझ्या बायकोच्या, आलिदाच्या, अक्षरातलं आहे, शाईनं लिहिलेलं. ती जाऊन चार वर्षं झाली. या जूनपासून मी त्यात भर घातली ती पेन्सिलीनं, आठवड्याला दोन फुल्या.

झालं असं की वसंतात माझं प्रोस्टेट काढलं. सगळ्यांना मी हर्निया म्हणून सांगितलं. हर्निया हा सभ्य आजार, पुढं कोणी काही विचारत नाही. दीड महिन्यानं फेनेके नावाच्या नर्सबाईंनी मला समोर बसवलं आणि हवामानाचा अंदाज सांगावा तशा सुरात म्हणाल्या, "तर डेर्क, आता हस्तमैथुन. आठवड्यातून दोनदा तरी."

"अहो, मी सदुसष्टचा होईन सप्टेंबरात."

"मग? तिथला रक्तपुरवठा चालू राहायला हवा. हात स्वच्छ धुवा, जेल भरपूर लावा, आवळून धरू नका, घाई करू नका. दुखलं तर थांबा. ताठ झालं नाही तरी सुख मिळतं. बाहेर काही येणार नाही, ते आता असंच, घाबरू नका. रक्त दिसलं तर मात्र फोन करा."

"आणि लाज वाटली तर?"

"त्यासाठी फोन नको," त्या म्हणाल्या. "तीन महिने नोंद ठेवा."

आमच्या जुन्या पाद्रीबुवांच्या मते या कामानं माणूस आंधळा होतो. आता तेच काम मला औषध म्हणून लिहून मिळालं, वर पाठपुराव्यासकट! छत्तीस वर्षं मी जलमंडळात बांधांवरची पाण्याची पातळी नोंदवली आहे. सांगितलेली नोंद चुकवणं रक्तातच नाही.

आमच्याकडे भर दुपारी पडदे ओढले तर शेजारीण कोण गेलं विचारायला येते. म्हणून माळ्यावरची खोली. पहिले काही मंगळवार निव्वळ सरकारी काम झालं. मग एका शुक्रवारी आलिदा आठवली आणि ते सरकारी राहिलं नाही. मी रडलो, आणि फार बरं वाटलं. त्या दिवसाची फुली जरा मोठी आहे.

मला खरा घोर होता तो धाकट्या भावाचा, वुब्बोचा. आमचे बाबा याच दुखण्यानं गेले, तोंडातून अवाक्षर न काढता. वुब्बो रात्रीत चारदा उठतो, हे त्याच्या बायकोनं, यान्नानं, मला हळूच सांगितलं होतं. डॉक्टरचं नाव काढलं की तो म्हणायचा, "आपल्या घरात कोणाला काही झालेलं नाही." बरोबरच होतं त्याचं. मलासुद्धा हर्नियाच झाला होता ना.

वाढदिवसाला मी सगळं लपवलं. जेलची नळी ब्लीचच्या बाटलीमागं, नर्सबाईंचं पत्रक बटाट्यांच्या टोपलीखाली. स्वतःच्या संडासाची भिंत मात्र माणसाला दिसत नाही.

पाहुणे आले, गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसले, कॉफी आणि केक. रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. माझ्या मुलीला, एल्स्केला, वडिलांबद्दल, वुब्बोला भावाबद्दल. दुसऱ्या कॉफीनंतर वुब्बो उठून संडासात गेला. बाकीचे दोन मिनिटांत येत होते, त्याला पंधरा लागली. मी घड्याळाकडे बघत होतो. ती पंधरा मिनिटं माझ्या ओळखीची होती.

"काय रे," बाहेर येऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला, "त्या फुल्या कसल्या? बोटांवर वार काढले मी. मंगळवार आणि शुक्रवार, एकही चुकलेला नाही!"

"अगं बाई!" यान्ना ओरडली. "कोण आहे ती?"

झालं. सगळा गोल उठला. "एल्स्के, बाबांच्या मैत्रिणीबद्दल अभिनंदन!" अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या गेशिनामावशीनं मला तीन पापे दिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी त्या घटकेला दोन लाखांवर गेली होती, आणि मला ते आवडतही होतं, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांत जास्त हसत होता वुब्बो. हसता हसता त्यानं पोटाखाली हात दाबला आणि पुन्हा आतल्या दाराकडे वळला.

"मैत्रीण नाही," मी म्हणालो. "मंगळवारी मी, शुक्रवारीही मीच. नर्सनं सांगितलंय, माझ्याच हातानं. हर्निया नव्हता तो, प्रोस्टेटचा कॅन्सर होता. बाबांचाच. आणि वुब्बो, मलासुद्धा आत पंधरा मिनिटं लागायची."

यान्नानं कप खाली ठेवला आणि वुब्बोकडे बघितलं.

"बाबा, निदान मला तरी सांगायचं," एल्स्के म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

गेशिनामावशीनं विचार केला. "उपयोग होतो का रे त्याचा?"

"होतो, मावशी."

"मग त्याबद्दल अभिनंदन," म्हणत ती केककडे वळली.

वुब्बो लालबुंद झाला होता. "अक्कल गहाण ठेवलीस का? चार माणसांत बोलतात असं?" त्यानं संडासाचं दार आपटून आतून कडी लावली. बराच वेळ आम्ही सगळे त्या दाराकडे न बघता हवापाण्यावर बोललो. बाहेर आला तो थेट कोट चढवून, यान्नाला घेऊन, निरोपही न घेता गेला. मला वाटलं, भाऊ गेला हातचा.

सगळे पांगल्यावर मी खोडरबर घेऊन आत गेलो. तीन महिने भरले होते, फुल्या पुसायच्या होत्या. पुढच्या सोमवारच्या तारखेसमोर दोरीला बांधलेल्या माझ्याच पेन्सिलीनं लिहिलं होतं, अक्षर वुब्बोचं: "डॉक्टरला फोन करतो. यान्नाला सांगू नकोस."

फुल्या मी तशाच ठेवल्या. पेन्सिल पुसली जाते, म्हणून ती ओळ शाईनं गिरवली, आणि यान्नाला फोन लावला.