बारा मीटरची देवळी

"देवळी करणार नाही," वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारत पोलिक्रोनिस म्हणाला.

एव्हान्थियाने नवऱ्याचा फोटो ऐरणीवर ठेवला. "का? बाकीच्यांच्या केल्यात की, भावजी."

"तेरा केल्या. त्या वळणावर गाडी दरीत गेली की बायको माझ्याकडे येते. मी खांबावर पत्र्याची देवळी करतो, ती आत दिवा लावते. पुढचा ड्रायव्हर दिवा बघून क्रुसाची खूण करायला स्टिअरिंगवरचा हात काढतो. मग त्याची बायको येते. धंदा झकास चाललाय, वहिनी, पण लाज वाटते."

कठड्यासाठी त्याने नऊ अर्ज केले होते. रस्ते कार्यालयाचं उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं: 'सदर वळणावर आजवर एकही मृत्यू नाही. मयत हे दरीच्या तळाशी मयत झाले असून, तळ वनखात्याच्या हद्दीत येतो.' वनखात्याने तत्परतेने तळाशी पाटी लावली होती: वाहने सावकाश चालवा.

"म्हणजे माझा स्तामातिस झाडांच्या खात्यात मेला?"

"निघताना रस्त्याच्या खात्यात होता. मधे हवेत कोणाच्या होता ते विचारलंय. उत्तर यायचंय."

ती हसली नाही. "कठड्याला लोखंड किती लागेल?"

तेरा घरांतून लोखंड आलं: पलंग, फाटकं, द्राक्षाच्या मांडवाचे पाइप. रविवारी कठडा उभा राहिला.

सोमवारी रस्ते कार्यालयाचा इंजिनियर आला. "बेकायदा आहे. उद्या माणसं येऊन काढतील."

"देवळ्याही बेकायदाच आहेत, साहेब. त्या का नाही काढत?"

"देवळीला कोण हात लावेल? वेडा आहेस का?"

पोलिक्रोनिसने चष्मा खाली ओढला, जनरेटर सुरू केला आणि कठड्यावर वीतभर पेटी आणि तिच्यावर क्रूस जोडून टाकला.

"झाली देवळी. बारा मीटरची आहे. कुटुंब मोठं आहे."

इंजिनियरने बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी हात आपसूक कपाळाकडे गेला, मग छातीकडे, मग खांद्यांकडे. हाताने निकाल दिल्यावर तोंडाला काही काम उरलं नाही. तो गाडीत बसून गेला.

एव्हान्थिया पेटीत फोटो ठेवून दिव्यात तेल ओतत होती, तेवढ्यात दुधाचा टेम्पो वळणावर घसरला, कठड्याला घासत पंधरा पावलं गेला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला.

"कुठल्या गाढवाने हे इथे रोवलंय? दरवाजा फाटला माझा. आरसा गेला. डोकी आहेत की भोपळे?"

पोलिक्रोनिस हातोडी घेऊन निघाला. एव्हान्थियाने त्याची बाही धरली.

"बोलू दे त्याला."

आणि तेलाची बाटली पोटाशी धरून तिने त्याच्या सगळ्या शिव्या उभ्याने, शेवटपर्यंत ऐकल्या.