चाळीस नंबरचे शेरे

पशुवैद्यक विद्यापीठाच्या सांधेदुखी विभागात घरातल्या धाकटीची पीएच.डी.पायी पाच वर्षं गेली होती, आणि त्या पाच वर्षांत तिने एकोणचाळीस लंगडणारी कुत्री गोळा केली होती. ऐकायला सोपं वाटतं. पण कुत्र्यांचे मालक ही मोठी बेभरवशाची जमात. कुत्रं लंगडतंय तोवर दिवसातून चार फोन करतात आणि जरा चालायला लागलं की फोन उचलत नाहीत. चाळिसावं कुत्रं काही केल्या मिळेना, आणि शेवटच्या मुदतवाढीचे जेमतेम तीन महिने उरले. चाळीस पुरी झाली तरच प्रबंध घेऊ, असं समितीने लिहून दिलं होतं. मुदत टळली की नाव कटणार आणि पाच वर्षं पाण्यात जाणार.

शेवटी तिने घरचाच कुत्रा पुढे केला. त्याचं नाव शेठ. वय अकरा, वजन बेचाळीस किलो, आणि बसण्याची ऐट अशी की समोरच्याने उधारीच मागायला यावं. मागच्या उजव्या पायात संधिवात होता. उठायचं म्हटलं की आधी एक लांब सुस्कारा टाकायचा.

सर, म्हणजे धाकटीचे मार्गदर्शक, नियमाला पक्के होते. वीस कुत्र्यांना खरं औषध आणि विसांना तशीच दिसणारी, तशाच वासाची पण औषध नसलेली गोळी, असा तो प्रयोग. कुणाला काय मिळतंय हे धाकटीला ठाऊक नाही, सरांनाही नाही. ते औषधभांडाराच्या बाईंच्या कपाटात बंद पाकिटांत होतं.

"घरचा कुत्रा चालेल," सर म्हणाले, "पण तुमची सावलीही पडता कामा नये. गोळी तुमच्या आईंनी द्यायची, फॉर्म त्यांनीच भरायचा. तुम्ही त्या वेळी खोलीत थांबायचं नाही."

आईइतकी योग्य व्यक्ती शोधून सापडली नसती. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत परीक्षेचं काम सांभाळून ती निवृत्त झाली होती. रकाना रिकामा दिसला की तिला अन्न गोड लागत नसे, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं तिच्या रक्तात नव्हतं. अडचण एकच होती. कुत्र्यांनी आवडीने खाव्यात म्हणून त्या गोळ्यांना मटणाचा वास होता, आणि आई घरात अंडंसुद्धा येऊ देत नसे. डबी उघडून तिने नाकाला पदर लावला.

"शिक्षणासाठी काय काय सोसावं लागतं," ती म्हणाली.

पुढचे आठ आठवडे सकाळी आठ आणि रात्री आठ या ठोक्याला स्वयंपाकघराचं दार आतून बंद व्हायचं. धाकटी नियमाप्रमाणे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसायची. पाच मिनिटांनी दार उघडायचं आणि आई तोंड वाकडं करून बाहेर यायची. वास सहन होत नाही बिचारीला, असं धाकटीला वाटायचं.

निकाल मात्र डोळे दिपवणारा आला. पहिल्या दिवशी त्रासाचा आकडा दहापैकी सात होता, शेवटच्या दिवशी दोन. विद्यापीठात एक चटई होती, तिच्यावरून कुत्रं चाललं की कोणत्या पायावर किती भार पडतो ते कळायचं. चटईनेही तेच सांगितलं. शेठ उजवा पाय पूर्ण टेकत होता.

शुक्रवारी पाकिटं फोडून प्रबंध द्यायचा आणि बुधवारी सरांनी तिला खोलीत बोलावलं. समोर चाळीस नंबरचे फॉर्म होते. आकडे धाकटीने संगणकात भरले होते, पण शेऱ्यांचा रकाना ती कधी वाचत नसे. मालक तिथे मनाला येईल ते लिहितात. सर मात्र औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापीलही शेवटपर्यंत वाचणारे.

"तेरावा दिवस," सरांनी वाचलं. "पहिला मजला न थांबता. दुसऱ्याला कठडा धरावा लागला." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुत्र्याने कठडा धरला?"

"टेकला असेल, सर."

"एकोणिसावा दिवस. बसमध्ये कुणी हात दिला नाही, तरी चढणं जमलं. बसमध्ये कुत्री घेतात?"

"हल्ली घेत असतील."

"सव्विसावा. खेळण्याची इच्छा, शून्य. या वयात खेळतं कोण." सर थोडं हसले. "एकतिसावा. पाहुण्यांसमोर मांडी घालून बसणं जमलं. दोन वर्षांनी."

धाकटीने फॉर्म आपल्याकडे ओढला. ते वळणदार अक्षर, तो कठडा, तो दुसरा मजला, सगळं तिच्याच घरचं होतं. सरांना मात्र आनंद झाला होता.

"मांडी म्हणजे मागचे पाय पोटाखाली दुमडून, असंच ना? इतकं बारकाईने कुणी बघत नाही हो. हे परिशिष्टात घ्या."

घरी आली तेव्हा आई भाजी निवडत होती आणि शेठ तिच्या पायाशी देठांवर नजर ठेवून होता.

"आई, गोळ्या कोण घेत होतं?"

"मी," आई म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

"तू?"

"पहिल्या दिवशी चाखून बघितली. मटणाचा वास काय, नुसता लावलेला असतो. मुक्या जिवाच्या पोटात काय घालतेस ते बघायला नको? तुझ्यावर विश्वास आहे गं, औषधावर नव्हता. म्हटलं आठवडाभर आपण घेऊ, मेलो नाही तर त्याला देऊ. तर आठवड्यात माझा गुडघाच हलका झाला. मग कोण सोडतंय."

"अगं, पण फॉर्म कुत्र्याचा होता."

"गोळी घेतली मी आणि त्रास त्याचा लिहू? असली बनवाबनवी मी केली नाही कधी."

धाकटीने शेठकडे पाहिलं. "मग शेठ कसा सुधारला?"

"मी फिरायला लागले ना. रोज दोन वेळा तळ्यापर्यंत. एकटी कशी जाऊ, म्हणून याला न्यायची. तीन किलो उतरलाय मेला."

"तुझा गुडघा दुखतो हे मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

आईच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. चाळीस कुत्र्यांची चाल धाकटीला तोंडपाठ होती. कोण कुठला पाय उचलून टाकतं हे ती आवाजावरून सांगायची. आणि आई दोन वर्षं रोज तिच्यासमोर कठडा धरून जिना चढत होती. धाकटीला स्वतःची लाज वाटली.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. सर खूश, समिती खूश, शुक्रवारी सगळं पार. हा विचार तिच्या मनात एक कप चहा संपेपर्यंत राहिला. मग तिने भाजी निवडणाऱ्या आईकडे पाहिलं आणि कप विसळून ठेवला.

गुरुवारी सकाळी तिने सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे बसमध्ये..."

"आई चढली, सर."

"आणि मांडी?"

"तीही आईचीच."

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. वळले तेव्हा चेहरा गंभीर होता. "माणसाने जनावराचं औषध घेतलंय. पाकीट आत्ताच्या आत्ता फोडायला हवं. प्रबंधाचं नंतर."

औषधभांडाराच्या बाईंनी कपाट उघडेपर्यंत धाकटीची आईच्या किडनीपासून काळजापर्यंत सगळ्याची धास्ती घेऊन झाली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, औषध नाही. पीठ, साखर आणि वास. तिने भिंतीला टेकून मोठा श्वास घेतला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आता चाळीस नंबरही गेला.

प्रयोगातलं कुत्रं बाद झालं तर दुसरं घ्यायला जादा मुदत मिळे, तो अर्ज घेऊन सर स्वतः कचेरीत गेले. कारणाच्या रकान्यात जनावराचा मृत्यू, मालकाचं स्थलांतर आणि मालकाची असहमती असे तीनच पर्याय होते. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"मालकिणीनेच खाल्लं?"

"इतर लिहा," सर म्हणाले.

बारा आठवडे मिळाले. शेठला पुन्हा घ्यावं तर चटईने त्याला नापास केलं, आता तो पुरेसा लंगडत नव्हता. पण शिक्का मारता मारता कारकून हळूच म्हणाला, "आमचंही कुत्रं मागून लंगडतं हो." सरांनी तिथेच त्याचं नाव लिहून घेतलं आणि गोळी कुत्र्यालाच द्यायची असं दोनदा बजावलं.

संध्याकाळी आई रिकामी डबी घेऊन समोर आली. "संपल्या. आणखी मिळतील?"

धाकटीने खरं सांगितलं. "त्यात औषध नव्हतं, आई. पीठ आणि साखर होती. गुडघा तुझ्या चालण्याने सुटला."

आई विचारात पडली. "काहीच खरं नव्हतं?"

"मटण खरं होतं. वाळवलेल्या काळजाची पूड."

आईने डबी खाली ठेवली. मग मोरीवर गेली आणि पुष्कळ वेळ चुळा भरल्या. परत आली ती शेठचा पट्टा हातात घेऊनच.

"नुसत्या पिठावर चालत होते म्हणजे आताही चालता येईल," ती म्हणाली. "चल रे."

धाकटी दारात उभी राहून बघत होती. तिसऱ्या पायरीवर आईचा हात कठड्याकडे गेला, उजवा पाय जरा जपून पडला. दहापैकी तीन, धाकटीने मनात धरलं. उद्या हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचंच. मग आत जाऊन तिने एक कोरा फॉर्म काढला. रुग्णाच्या जागी आईचं नाव लिहिलं, पहिल्या दिवसाचा आकडा घातला, आणि खाली, देखभाल करणारी व्यक्ती, या रकान्यात स्वतःचं. चपला घालून ती त्या दोघांच्या मागे जिना उतरली.