नवऱ्याच्या पोटाचं वय

तिचं काम होतं संगणकावर पोटाचं वय काढायचं. जठरात एक जंतू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसला, की तिथल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा उमटतात. जनुकं तीच राहतात, पण काहींचं तोंड बंद होतं, काहींना मोकळं रान मिळतं. अशा खुणा वाढल्या की कॅन्सरचा धोका. त्या मोजून तिचं मॉडेल सांगायचं, हे पोट किती वर्षांचं झालंय.

तुलनेसाठी निरोगी माणसं कमी पडली, तेव्हा तिने घरातलेच दोघे, सासरे आणि नवरा, गळाला लावले आणि दोघेही ठणठणीत असल्याचं स्वतःच्याच भरवशावर प्रयोगशाळेत सांगून टाकलं.

"नमुना घ्यायला नळी घशातून पोटात जाते, बाबा," तिने सासऱ्यांना सांगितलं.

"जाऊ दे की. आत लपवण्यासारखं काही नाही."

बाप तयार झाल्यावर मुलाला मागे हटणं शोभेना.

आकडे आले. सासरे एकाहत्तरचे, पोट चौपन्नचं. नवरा अडतीसचा, पोट एकोणऐंशीचं.

नवरा शिडशिडीत, रोज सकाळी पळणारा. जळजळीची गोळी खिशात असायची खरी, पण ती कुणाच्या नसते? तेव्हा मॉडेलच चुकलं, असं ठरवून ती आठवडाभर गणिताची डागडुजी करत बसली. शेवटी नवरा एकदाचा चाळिशीत आला. पण त्याच धक्क्याने सासऱ्यांचं पोट उणे अकरावर गेलं, म्हणजे त्याला जन्मायलाच अजून अकरा वर्षं होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"इतक्या लोकांचं बरोबर आलं आणि नेमकं याचंच चुकलं?"

"तो धडधाकट आहे, बाई."

"नवऱ्याची बाजू घरी घे. जुनं मॉडेल परत लाव आणि त्याला डॉक्टरांकडे ने."

आता तिला नवऱ्याच्या खिशातल्या जळजळीच्या गोळ्या आठवल्या. त्या गोळ्या ती किती वर्षं बघत आली होती.

जंतू निघाला, चांगला जुना भाडेकरू. कॅन्सर मात्र नव्हता. ते ऐकून ती दवाखान्याच्या जिन्यावरच बसली, आणि नवऱ्यालाच तिला पाणी आणून द्यावं लागलं.

औषधं सुरू झाली, तसा घरी सासऱ्यांना चेव आला. "सावकाश उठा, चिरंजीव. या वयात कंबर धरते," असं म्हणत ते मुलाच्या हातातल्या पिशव्या काढून घ्यायचे. तो चडफडायचा, पण पिशव्या द्यायचा.

काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. जंतू गेला होता, पोट एकसष्टवर आलं होतं.

"म्हणजे अजून बाबांपेक्षा म्हाताराच?" नवरा म्हणाला.

"सगळ्या खुणा पुसल्या जात नाहीत. पण उतरणीला लागल्यात. दर वर्षी तपासायचं."

"बरं. आणि तुझं पोट?"

तिने स्वतःचंही नाव तपासणीच्या यादीत घातलं. काही होत नाही, असं लोकांना सांगून तिने नळी गिळायला लावली होती, पण स्वतः कधी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. नर्सने हाक मारली तेव्हा तिला उठवेना. एकीकडून सासऱ्यांनी, दुसरीकडून नवऱ्याने धरून तिला आत नेलं.

तिचं पोट निघालं पस्तीसचं, वयाला साजेसं. त्या आकड्यावर मात्र तिने एका दमात विश्वास ठेवला.