धारवाडचा कॉल

आमच्या ह्यांच्या डोक्यातलं टेलिफोन एक्स्चेंज मंगळवारी सकाळी बंद पडलं आणि ते चालवायला मला बोलावलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. दुसरं कोणी मिळालं नाही म्हणे.

मिरजेच्या त्या दवाखान्यात डॉक्टर मगदूमांनी ह्यांच्या उजव्या कानामागची झडप उघडून दाखवली. आतून मनगटाएवढा वायरींचा जुडगा निघाला होता आणि पलंगाच्या उशाशी उभ्या केलेल्या बोर्डात गेला होता. सागवानी बोर्ड, पितळी भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर मुगाएवढा दिवा, खाली दोऱ्या. सांगलीच्या ट्रंक एक्स्चेंजला मी एकवीस वर्षं ज्याच्यापुढे बसले तोच. डाव्या कडेला माझ्या बांगड्यांचा ओरखडासुद्धा होता.

"काकू, मेंदूचा एकही भाग बिघडलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळे जागेवर आहेत. फक्त एकमेकांशी बोलत नाहीत."

"म्हणजे आमच्या घरासारखंच की," मी म्हणाले.

त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

मग त्यांनी काम समजावलं. बेशुद्धीत प्रत्येक भाग आपापल्या घरात दार लावून बसतो. नाकाला वास येतो, पण तो कशाचा हे कुणी सांगत नाही. मी त्यांची बोलणी जोडून द्यायची. आतला एक तरी कॉल बाहेरपर्यंत पोचला की हे डोळे उघडतील. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. त्यानंतर भोकं बुजायला लागतात आणि बुजलेलं भोक पुन्हा उघडत नाही.

"आणखी एक," ते म्हणाले. "दोऱ्या वाढवून मिळणार नाहीत. इकडे एक जोडलं की बाहेरचं काहीतरी सुटेल."

"काय सुटेल?"

"ते आपल्या हातात नाही."

मी हेडसेट चढवला आणि पदर खोचला. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी आमच्या सुपरवायझर पाटणकरबाईंनी एकच धडा दिला होता: लागलेली दोरी ऐकल्याशिवाय काढायची नाही. आधी की, म्हणजे बोर्डावरची ऐकायची कळ, उघडायची, कान द्यायचा, कुणी बोलत नाही याची खात्री करायची, मग हात लावायचा. एकवीस वर्षांत मी चालू बोलण्यातून एकदाही दोरी ओढली नाही. मिरवायचं म्हणून सांगत नाही. पुढे लागणार आहे म्हणून सांगते.

आधी नाक आणि भूक जोडून दिली. ह्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्याच क्षणी वॉर्डाचं दार सुटलं. म्हणजे दार होतं, कडीही होती, पण उघडल्यावर पलीकडे भिंत होती. मग डावा हात दुखण्याला जोडला, तर समोरचे दोन पलंग पेशंटसकट गेले आणि भिंत तेवढी पुढे आली. मी म्हटलं, जाऊ दे, ओळखीचं नव्हतं कुणी.

आमची वृंदा स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. एकुलती एक लेक, कालपासून उपाशी. मी ह्यांच्या पायांना लहानपणीचं अंगण जोडून दिलं. ह्यांचे अंगठे पांघरुणाखाली पळाल्यासारखे हलले. वृंदानं मान वर केली.

"आपण पेशंटच्या कोण?" तिनं विचारलं. अगदी अदबीनं.

"अगं, आई ना तुझी," मी म्हणाले. ती ओशाळं हसली, आणि परक्या बाईला द्यावी तशी अर्धी मोसंबी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. काय करणार? भूक लागली होती.

साडेतीनला डॉक्टर औषधांच्या कपाटातून बाहेर आले, कारण दारापलीकडे भिंत होती. "असं एकेक करून जमणार नाही," म्हणाले, आणि ह्यांच्या दंडात इंजेक्शन दिलं.

अगाई! सगळे दिवे एकदम पेटले. माझी वाट न बघता सगळ्यांनी सगळ्यांना फोन लावले. कारल्याची चव सासूबाईंच्या आवाजाशी बोलायला लागली. गुडघा अडुसष्ट सालाशी भांडत होता. हे भूमापन खात्यात होते. त्यांनी जन्मभर मोजलेली शेतं एकमेकांत मिसळली, आणि बांध गाणं म्हणायला लागले. ह्यांचे डोळे मिटलेलेच, पण तोंडभर हसू. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा असं हसलेले नाहीत.

"हे जागे झाले का?" मी ओरडून विचारलं.

"छे. बेशुद्धीत कुणीच बोलत नाही, आत्ता सगळे एकदम बोलताहेत. यात पेशंटना देव दिसतो, पण पाणी मागता येत नाही. जाग म्हणजे या दोहोंच्या मधलं, काकू. काहींनी बोलायचं, काहींनी गप्प बसायचं."

इंजेक्शन उतरलं तसे दिवे विझत गेले. भिंती आता इतक्या जवळ आल्या होत्या की वृंदाचं स्टूल माझ्या गुडघ्याला टेकलं होतं. वरच्या रांगेत एकच दिवा लुकलुकत राहिला. बोर्डाच्या फटीतून तिकीट बाहेर आलं. ट्रंक कॉलला असायचं तसलंच, पिवळं. पी. पी. कॉल होता, म्हणजे ठराविक माणसाशीच बोलायचं, दुसरं कुणी चालणार नाही. माणसाचं नाव: रेवती.

रेवती मीच.

माहेरची मी कमल. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'रेवती' असं लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, टाळ्या झाल्या, आणि त्याच संध्याकाळी ते तांदूळ शिजवले. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांत हे नाव ह्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. अगं, चष्मा कुठाय. अगं, पाणी. अगं, ऐकलंस का. दुपारी डुलकी लागली तरी झोपेत 'अगं'. मी एकदा भांडलेसुद्धा, की म्हशीलासुद्धा लोक नाव ठेवतात, आणि ठेवलं की त्या नावानं हाक मारतात. तर हे म्हणाले, "अगं, पण तुला कळतं ना?"

आणि आता मरायला टेकल्यावर का होईना, नाव घेतलं बाई! मी पदरानं डोळे पुसले. की उघडली. "हो, मी रेवतीच बोलतेय. बोला ना."

पलीकडून ह्यांचाच आवाज आला, पण विशीतला. "तुम्ही नव्हे. धारवाडची रेवती."

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "पत्ता?"

"मालमड्डी, स्टेशनजवळ. प्रयोगशाळेत माझ्या समोरच्या टेबलाशी असते. बोटाला निळी शाई."

ह्यांचं कॉलेज धारवाडला झालं. ते मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं.

म्हणजे तांदळातलं नाव माझं नव्हतंच. जुनं लुगडं मोलकरणीला द्यावं तसं दुसरीचं नाव मला दिलं, आणि वर तेही अंगाला लागू दिलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"काकू, एवढीच ओळ बाहेर येतेय," डॉक्टर म्हणाले. "पाचला दहा कमी आहेत. जोडा."

"जोडलं तर?"

"उठतील."

"कुणासाठी?"

"ते मेडिकलमध्ये येत नाही."

मला जोडायचं नव्हतं असं नाही. राग आला म्हणून माणूस मरू देत नाही कुणी. पण सुटी दोरी एकही उरली नव्हती. मी खाली वाकून पाहिलं. अगदी तळच्या रांगेत एक दोरी लागलेली होती. जुनी, वरचं कापड विटलेलं, भोकावरच्या पट्टीवरचं नाव बोटं लागून लागून पुसलेलं. तिचा दिवा लुकलुकत नव्हता. संथ जळत होता, इतका संथ की सकाळपासून मी त्याला बोर्डाचा उजेड समजत होते. त्याच्याच उजेडात मी सगळं काम केलं होतं.

की उघडायला किती वेळ लागतो? अर्धा सेकंद. पाटणकरबाई असत्या तर माझा हात धरला असता. मी रागात होते. मी ती दोरी ऐकल्याशिवाय ओढली.

दोरी सुटताना तिच्यात अर्धा शब्द उरला होता. तो माझ्या कानात आला.

"अगं—"

मग मी बोर्डाच्या मागे डोकावले. त्या एका भोकातून तारा सगळीकडे गेल्या होत्या. भुकेला, चष्म्याला, गुडघ्याला, भीतीला, चहाला, पावसात वाळत घातलेल्या कपड्यांना. कुणी जोडून दिलेल्या नव्हत्या, त्या तशाच वाढल्या होत्या. दोरी परत घालायला मी हात नेला, तर भोक नव्हतं. बोटाला नुसतं सागवान लागलं, गुळगुळीत.

"काकू, पाच वाजताहेत," डॉक्टर म्हणाले.

दोरी हातातच होती. मी ती धारवाडला जोडून दिली.

ह्यांनी डोळे उघडले. वृंदा "बाबा!" म्हणून किंचाळली, आणि तिनं रडत रडत डॉक्टरांचे हात धरले. हे माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघून बोलायला लागले. पेपर कसा गेला, शाई कुठली, बस चुकली तर काय करायचं. पलीकडून कानडी वळणाचं मराठी येत होतं, आणि हसणं. मग ह्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

मला कधी विचारलं नव्हतं. ताट वाढून आणणारीला काय विचारायचं?

कॉल लागला की ऑपरेटरनं की बंद करायची असते. मी केली नाही. ऐकत बसले. बोर्डावरच्या तीन मिनिटांच्या घड्याळाचा काटा फिरत होता, आणि एकवीस वर्षांची सवय, तो जागेवर आला तसं माझं तोंड आपोआप उघडलं.

"तीन मिनिटं झाली. बोलणं वाढवायचंय का?"

ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. हेडसेट पाहिला. कपाळाचं कुंकू पाहिलं. चांगल्या घरचा माणूस अनोळखी बाईकडे बघतो तसं, नजर लगेच खाली घेऊन.

"हो, ताई," हे म्हणाले. "वाढवा."

मी काटा मागे घेतला.