मुलाखतीचा कोट

"गणवेशात सगळी मुलं सारखी दिसतात, आणि जिथे सगळी मुलं सारखी दिसतात तिथेच खऱ्या समतेचा जन्म होतो!" हे वाक्य त्या निवासी शाळेचे प्राचार्य दर वर्षी पालकांसमोर म्हणत आणि 'जन्म' या शब्दाला उजवा हात थेट छताकडे नेत. समतेचा जन्म होत असे की नाही ते सांगता येणार नाही, पण त्यांच्या कोटाची काखेतली शिवण मात्र न चुकता उसवत असे. ती परत घालून द्यायचं काम मास्तरांकडे होतं.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेत शिकवणाऱ्या झाडून सगळ्यांना 'सर' म्हणत. मास्तर म्हणून हाक मारावी असा त्या अख्ख्या आवारात हा एकच माणूस, आणि तोही मागच्या फाटकाने यायचा. मागच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी होती. कुत्रा केव्हाच वारला होता. पण पत्रा चांगला होता, म्हणून पाटी ठेवली होती.

शाळेतल्या यच्चयावत पोरांचे कोट मास्तरांच्या हातून गेले होते. बाहेर त्याला कोट म्हणत, शाळेत ब्लेझर म्हणत, आणि धुवायला पडला की पुन्हा कोटच म्हणत. असे कोट शिवता शिवता मास्तरांच्या डोक्यात एक किडा शिरला होता, की यातला एक आपल्या टिल्लीच्या अंगावर चढला पाहिजे.

टिल्ली ही त्यांची एकुलती एक. अंगाने काडी, बोलायला तुरतुरीत. मशीनखाली सांडलेली बटणं वेचता वेचता पाठीत पोक काढायची सवय लागलेली. मास्तरांच्या घरात पुढे दुकान आणि मागे संसार, मध्ये एक पडदा. टिल्लीचं अंथरूण कापड बेतायच्या टेबलाखाली.

शाळेत सहावीला फी-माफीची एक जागा होती. त्या जागेची लेखी परीक्षा टिल्ली पास झाली. उरली मुलाखत. यंदा हुकली तर पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. म्हणजे आता शाळा, नाहीतर जन्मभर बटणं, इतका सरळ हिशेब.

"मुलांनी साध्या, स्वच्छ कपड्यांत यावं, असं कळवलंय त्यांनी," मुलाखतीच्या सकाळी बायको म्हणाली. "तो निळा फ्रॉक इस्त्री करून ठेवलाय मी."

मास्तर टिल्लीच्या अंगावर नवाकोरा शाळेचा कोट चढवून पाठीकडची घडी बसवत होते. तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या धरून मास्तर जे बोलत ते जगात फक्त बायकोला समजे.

"उं हूं उं," मास्तर म्हणाले.

"ते साहेब काय वाट्टेल ते म्हणतील. अजून प्रवेश नाही मिळाला आणि कोट कसला घालताय?"

मास्तरांनी टाचण्या हातात काढल्या, कारण वाद घालायचा तर शब्द हवेत. "अगं, साहेब स्वतः म्हणतात, गणवेशात सगळी पोरं सारखी. मग आपलीच पोर तिथे वेगळी का दिसावी? एकदा कोटात बघितली की ही आपलीच, असं वाटलं पाहिजे त्यांना."

"आणि नाही घेतली तर?"

"माया बघ किती सोडलीय आत," मास्तर शिवणीकडे बोट दाखवत म्हणाले. शिवणीच्या आत पुढे उसवून वाढवायला जे जादा कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. "दहावीपर्यंत पुरेल. एवढी माया सोडून कोणी कोट वाया घालवतं का?"

बायकोने फ्रॉक परत घडी करून ठेवला आणि म्हणाली, "टाचण्या काढल्यात ना सगळ्या?"

"मला धंदा शिकवू नकोस."

वाटेत मास्तरांनी टिल्लीला पढवलं. "आत गेल्यावर विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मोठी माणसं सांगतील ते 'हो बाई', 'हो सर' म्हणून करायचं. आणि तक्रार नाही. हे दुखतंय, ते टोचतंय, भूक लागली, काही नाही. असली रड तिथे चालत नाही."

"आत्ता सांगू का एक?" टिल्ली म्हणाली.

"आत्तापासूनच नाही."

टिल्लीने तोंड मिटलं आणि ताठ चालू लागली. मास्तरांनी चमकून पाहिलं. पोरीचं पोक गेलं होतं. पाठ अशी सरळ, की जणू मागे फळी बांधलीय. कोटाचा गुण, दुसरं काय! मास्तरांना स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं.

मोठ्या फाटकाने आत जायची त्यांची आयुष्यातली ही पहिली वेळ. टिल्लीला हॉलमध्ये बाकावर बसवतात न बसवतात तोच हेडक्लार्क धावत आला.

"मास्तर! देवासारखे भेटलात. साहेबांची काख गेली."

"भाषण झालं?"

"सराव करत होते. पालक आलेत, मुलाखती सुरू व्हायच्यात, आणि साहेब खोलीत हात आवळून बसलेत. चला आधी."

मास्तरांनी टिल्लीकडे पाहून मान हलवली आणि साहेबांचा कोट घेऊन मागच्या भांडारखोलीत गेले. आज साहेबांचा मूड शिवणीवर अवलंबून, आणि टिल्लीचं नशीब साहेबांच्या मूडवर. शिवण दुहेरीच घालायची, असं त्यांनी ठरवलं.

इकडे हॉलमध्ये वॉर्डनबाई आल्या. बाकावर सगळी मुलं घरच्या कपड्यांत, आणि मध्येच एक मुलगी शाळेच्या ब्लेझरमध्ये.

"तू इथे काय करतेस? सहावीच्या मुलींनी पालकांना शाळा दाखवायची, सांगितलं होतं ना काल? ऊठ! त्या लोकांना घेऊन जा."

"हो बाई," टिल्ली म्हणाली, आणि उठली.

आता शाळा दाखवायची म्हणजे वाचनालय, प्रयोगशाळा, पोहण्याचा तलाव. टिल्लीने यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. बाबांबरोबर कपडे पोचवायला ती येई ती मागच्या बाजूने. तेव्हा तिला जी शाळा माहीत होती ती तिने दाखवली. धोब्याची भट्टी दाखवली. स्वयंपाकघरातली मोठी पातेली दाखवली. गच्चीच्या टाकीला कुठे गळती आहे ते दाखवलं. पालक भारावून गेले.

"दुसऱ्या शाळा नुसती लायब्ररी दाखवतात हो," एक रेशमी साडीतल्या बाई मैत्रिणीला म्हणाल्या. "इथे काही लपवाछपवीच नाही! आणि ही मुलगी बघ. काय ती पाठ! आमचं रत्न बघ, खुर्चीत बसलं तरी सांडल्यासारखं दिसतं."

आईचं बोट धरून आलेलं रत्न थोडं आणखी सांडलं.

"बाळ, तुला ही शाळा का आवडते?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न मुलाखतीत येणार म्हणून मास्तरांनी टिल्लीकडून उत्तर घोटून घेतलं होतं. त्यात 'सर्वांगीण विकास' होता. पण समोर टेबल नव्हतं, साहेब नव्हते, त्यामुळे टिल्ली खरं बोलून गेली.

"इथे झोपायला प्रत्येकाला आपली आपली खाट आहे. वर काही नसतं. उठताना डोकं आपटत नाही."

"किती निरागस!" बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

फिरत फिरत वरात भांडारखोलीशी आली. मास्तर काखेची शिवण संपवत होते, तोंडात टाचण्या.

"आणि हे मास्तर," टिल्ली म्हणाली. "आमचे कोट हेच शिवतात."

आमचे! मास्तरांच्या छातीत काहीतरी फुललं. म्हणजे झालं! मुलाखत उरकली, पोर शाळेची झाली, एवढंच नव्हे तर पाहुण्यांना घेऊन हिंडायलासुद्धा लागली. साहेब माणूस मोठा. टाचण्या काढून 'झालं का गं?' एवढं विचारायला काही फार वेळ लागला नसता. पण इतक्या लोकांसमोर शाळेच्या मुलीला शिंप्याने असं अगंतुगं करणं त्यांना बरं दिसेना.

"उं हूं!" मास्तर आनंदाने म्हणाले.

बायको असती तर तिला समजलं असतं. टिल्लीने त्याचा अर्थ 'चालू दे' असा घेतला. ती जरा घुटमळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, मग बाबांचं वाटेतलं बोलणं आठवून मिटलं, आणि ताठ मानेने पाहुण्यांना पुढे घेऊन गेली. आनंदाश्रू, मास्तरांनी ताडलं, आणि स्वतःचेही दोन साहेबांच्या अस्तरावर सांडले.

त्याच सुमाराला शिपाई हॉलच्या दारात टिल्लीच्या पटावरच्या नावाने हाका मारत होता. दोनदा मारल्या. तिसरी मारायची पद्धत नव्हती. मग त्याने पुढचं नाव घेतलं. ते फी भरणाऱ्यांच्या यादीतल्या रत्नाचं होतं. बाईंनी त्याला टाकीजवळून ओढत आणलं.

दुहेरी शिवणीला वेळ लागला, तोवर साहेबांनी मुलाखती नुसत्या शर्टावरच उरकल्या होत्या. दुपारी मास्तर शिवलेला कोट घेऊन त्यांच्या खोलीत गेले. साहेबांनी कोट चढवला, हात वर नेऊन पाहिला. शिवण हलली नाही.

"वा, मास्तर!"

"साहेब, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही."

"कसले?"

"आमच्या टिल्लीला घेतलंत."

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कने वॉर्डनबाईंकडे पाहिलं. वॉर्डनबाईंना पाहायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"ती तुमची मुलगी? ती तर आली नाही," साहेब म्हणाले. "गैरहजर लागली. जागा गेली, मास्तर."

"गैरहजर? साहेब, सकाळपासून इथेच आहे की ती! त्या बाकावर मी स्वतः बसवली."

"बाकावर?" वॉर्डनबाई हळूच म्हणाल्या. "ब्लेझर घालून बसली होती ती? मला वाटलं, आपलीच."

"हेच तर!" मास्तर कळवळून म्हणाले. "आपलीच वाटावी म्हणून तर शिवला हो!"

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघा मास्तर, चूक म्हणाल तर तुमच्या हाताची. इतका सफाईदार बसवलात, की कुणाला शंकाच येईना. जरा कुठे झोळ असता तर बाईंच्या लक्षात आलं असतं."

"आत्ता दोन प्रश्न विचारा ना तिला, साहेब. पाय धरतो."

"आता कसं? निवड झालेल्या मुलीच्या आईने गोडधोडसुद्धा वाटलं. आणि पुढच्या वर्षी वय बसत नाही. नियम मी केलेला नाही. म्हणजे केलाय मीच, पण आता तो नियम आहे." साहेब खिडकीशी गेले. खाली अंगणात टिल्ली एकटीच, सोजिरासारखी ताठ उभी होती. "अरे, हीच का ती? सगळे पालक हिच्याबद्दलच बोलतायत. काय ते खांदे, काय ती मान! घरून येताना अशी होती?"

"घरी... पोक काढायची," मास्तर म्हणाले.

"पाहिलंत!" साहेब वॉर्डनबाईंकडे वळले. "अर्धा दिवस! नुसता अर्धा दिवस आमच्या आवारात वावरली, तर ही पाठ! याला म्हणतात संस्कार!" आणि 'संस्कार'ला त्यांनी हात थेट छताकडे नेला. दुहेरी शिवण होती, टिकली.

जिन्यात रेशमी साडीतल्या बाईंनी मास्तरांना गाठलं. "अहो, त्या गाइड मुलीसारखाच ब्लेझर हवाय मला. अगदी तसाच. तशीच पाठ आली पाहिजे बरं का!" मास्तरांनी सवयीने गळ्यातली टेप काढली आणि रत्नाचं माप घेतलं. खांदा, छाती, बाही. माया किती सोडू, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

परतताना ते मागच्या फाटकाने निघाले. मोठ्या फाटकाने पुन्हा जायचं काही कारण उरलं नव्हतं. टिल्ली शेजारून ताठ चालत होती. आज काय घडलं ते तिला कसं सांगायचं, आणि त्याहून कठीण म्हणजे तिच्या आईला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव मास्तर करत होते. काहीच जुळेना. खाट गेली, शाळा गेली, दहावीपर्यंतची माया कोटाच्या आत तशीच राहिली. पण ही पाठ? ही तर आपल्या पोरीची आहे ना? ही कोणी काढून नाही घेऊ शकत. बुडत्या मनाने मास्तरांनी तेवढं एक घट्ट धरलं. पोर बटणं वेचेल, पण ताठ पाठीने वेचेल.

कुत्र्याच्या पाटीशी टिल्ली थांबली.

"बाबा, आता बोलू?"

"बोल, बाळा," मास्तर म्हणाले. "आता काय वाट्टेल ते बोल."

"सकाळपासून पाठीत टाचणी राहिलीय. तेवढी काढता का?"