हिचं धोरण

लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याला सगळे कडकराव म्हणत. कॉलर तो अशी कडक करायचा, की गिऱ्हाइकाला दिवसभर खाली बघता येत नसे. त्याची बायको शेजारच्याच टेबलावर कपड्यांच्या घड्या घालायची. तिला सगळे वहिनी म्हणत. कडकराव "अगं" म्हणायचा, आणि फारच प्रेम उतू गेलं तर "अगं ए".

केस पिकले, निम्मे दात गेले, आणि मग कडकरावाला अक्षरं शिकायची हुक्की आली. संध्याकाळच्या वर्गात मास्तरीणबाईंनी गृहपाठ दिला. रोज एखादी लहानशी सुंदर गोष्ट बघायची आणि तिच्यावर एक ओळ लिहायची.

"बाई, या वयात सुंदर गोष्टीकडे बघितलं तर बायको डोळे काढेल."

"लहानशी म्हटलंय मी. बशी, बटण, असलं काहीतरी."

पण कडकरावाचं अक्षर वहीत मावेना. 'बादली' लिहायची तर 'ली' पुढच्या पानावर जायची. शेवटी लाँड्रीच्या मालकीणबाईंनी दारातला काळा फळा त्याला देऊन टाकला. त्यावर आजवर 'आज बंद' एवढंच साहित्य प्रसिद्ध झालं होतं.

पहिली ओळ उमटली, 'बादली निळी आहे.' मालकीणबाईंनी ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, "बरं झालं कळवलंत." पण बघता बघता माणसाचा हात बसला. 'शर्टाच्या आत शिवलेलं जादा बटण. जन्मात बोलावणं येत नाही, तरी चकचकीत.' मग, 'गरम चादर पोटात हवा धरून बसते. जेवलेल्या जावयासारखी.' लोक दारात थांबून वाचू लागले. एका साहेबांनी तर भर रस्त्यात शर्ट वर करून जादा बटण शोधलं, आणि समोरून येणाऱ्या बाईंनी रस्ता बदलला.

कडकरावाला यातून काय मिळालं? हार नाही, तुरा नाही. पण सकाळी अंथरुणातून पाय खाली घ्यायला पूर्वी त्याला पायांनाच शिव्या घालाव्या लागत. आता आज काय सापडतंय म्हणून पाय त्याच्या आधी उतरायचे. आजवर त्याच्या हाताखालून गेलेले शर्ट म्हणजे नुसते शर्ट होते. आता त्याला कोपरावर विरलेलं कापड दिसायचं, आणि टेबलावर कोपर टेकून बसलेला माणूस डोळ्यांपुढे यायचा.

वहिनींना मात्र हे सगळं टोचत होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मालकीणबाई रोज वाचून दाखवायच्या.

"बादली आली, बटण आलं, काल तर पायपुसणंसुद्धा आलं," एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत वहिनी म्हणाल्या. "माझा नंबर झाडूच्या आधी आहे का नंतर?"

"गृहपाठ लहानशा गोष्टीचा आहे," कडकराव म्हणाला. "तू लहानशी कुठनं झालीस?"

लाँड्रीतले सगळे कामगार हसले. इथं शहाणा माणूस थांबला असता. पण हसणारी माणसं दिसली की कडकरावाच्या अंगात यायचं. त्यानं वाफेच्या इस्त्रीची कळ दाबली, घुर्रर्र, आणि सोडली, फुस्स. "ऐका! ही झोपली की आमच्या घरी हे रात्रभर चालतं. शेजारच्यांना वाटतं, आम्ही घरीपण इस्त्री करतो."

या वेळी हसू जास्त जोरात आलं. वहिनींनी ॲप्रन काढला, त्याची नीट चौकोनी घडी घातली, आणि संध्याकाळी त्या परस्पर बहिणीकडे राहायला गेल्या. कामाला मात्र रोज यायच्या. नवरा सोडता येतो, नोकरी नाही. फक्त कडकरावाशी एक शब्द बोलायच्या नाहीत. इस्त्री केलेला शर्ट त्याच्या हातून घ्यायच्या तो दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तसा.

कडकरावाला वाटलं, आता झोपू चैनीत. झोप येईना. घर इतकं शांत झालं, की नळ ठिबकलेला ऐकू यायचा आणि स्वतःचे विचारही. जन्मभर ज्या आवाजाला त्यानं शिव्या घातल्या, तोच त्याला झोपवत होता. हे कळल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि सकाळी त्यानं खडू उचलला. तोंडानं माफी मागायची त्याला सवय नव्हती. फळ्यावर जमेल असं वाटलं.

त्यानं लिहिलं, आणि मालकीणबाईंनी वाचलं, "हिचं धोरण नसलं की झोप लागत नाही."

कडकराव दचकला. त्यानं लिहिलं होतं घोरणं! मालकीणबाईंचा चष्मा बदलायला झाला, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर बायकोकडे गेली. हातात उशीचा अभ्रा धरून ती उभी होती, आणि गाल लाल झाले होते.

"माझं धोरण?" वहिनी म्हणाल्या.

"तुझंच," कडकराव म्हणाला, आणि तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी त्या घरी परतल्या. धोरण असलेल्या बाईला बहिणीकडे पडून राहून कसं चालेल? दुसऱ्या दिवसापासून घरात आणि लाँड्रीत त्यांचं राज्य सुरू झालं. जो चहा पिईल तो कप धुवेल. चपला भिंतीकडे तोंड करून. गिऱ्हाइकंही विचारू लागली, "वहिनी, पडद्यांच्या बाबतीत तुमचं काय धोरण?"

"उन्हात वाळवायचे नाहीत, आणि सासूला विचारायचं नाही."

फळा पुसायला त्यांनी सक्त मनाई केली. त्यामुळे कडकरावाचं लिहिणं बंद पडलं. किटलीचं झाकण त्याच्यासमोर उड्या मारायचं, आणि लिहायला जागा नव्हती. ते एक वेळ सोसलं असतं. पण खरी पंचाईत घरी होती. धोरण असलेली बाई घोरते कशी? वहिनी कुशीवर वळून, तोंडावर उशी दाबून, डोळे टक्क उघडे ठेवून पडायच्या. त्या झोपत नव्हत्या, म्हणून हाही झोपत नव्हता. दोघांच्या डोळ्यांखाली एकेक पिशवी लटकू लागली. एकदा पेंगत पेंगत त्यानं मालकीणबाईंच्या टेबलक्लॉथची बाही शोधली.

शनिवारी मास्तरीणबाई कपडे न्यायला आल्या. फळ्यापुढे थांबल्या आणि खुदकन हसल्या. "कडकराव, घ च्या डोक्यावर गाठ मारलीत. त्याचा ध झाला. आणि शेवटचं टिंब खाल्लंत."

"बाई, हळू बोला. ती गाठ आहे म्हणून संसार बांधलेला आहे."

बाई गेल्या. वहिनी चादरींचा गठ्ठा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच डुलल्या. ते बघून कडकरावाला राहवेना. गेली तर गेली, निदान बहिणीकडे झोपेल तरी.

"अगं ए," तो म्हणाला. "ते धोरण नाही. घोरणं आहे. माझी गाठ चुकली."

इस्त्र्या थांबल्या. वहिनींनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्या फळ्यापाशी गेल्या.

"कुठली गाठ?"

त्यानं बोट लावून दाखवली. त्यांनी नाक फळ्याला लावून ती बघितली.

"म्हणजे सुंदर गोष्टींत तुम्ही माझं घोरणं धरलंत?"

"हो."

"बटणाच्या बरोबरीनं?"

"बटण काय झोपवतंय मला?" कडकराव म्हणाला.

वहिनींनी अंगठा जिभेला लावला आणि गाठ पुसून टाकली. मग खडू नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं वरून रेघ ओढून अक्षराचं छप्पर बंद केलं.

"वहिनी, अजून टिंब राहिलंय," मालकीणबाई काउंटरवरून ओरडल्या.

"द्या हो ते टिंब," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या आणि त्यांनी एक लांबलचक जांभई दिली. "मी कधी अर्धवट घोरलेय का? आणि कपाचं धोरण आहे तसंच राहील."