विमानाचा कोपरा

चऱ्होलीत ओढ्याच्या अलीकडे अर्जुनरावांचं वावर होतं आणि त्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजांनी विमान पुरलेलं होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लोहगावचा विमानतळ इथून फार लांब नाही. मोठं युद्ध संपलं, गोऱ्यांना घरी जायची घाई झाली, तेव्हा नेता येईनात ती विमानं त्यांनी आसपासच्या शिवारात खड्डे घेऊन गाडली, असं लोक सांगत. कुणी एक म्हणायचं, कुणी तीन. गोष्ट पारावरून फिरून आली की तिच्यात बंदुकांच्या पेट्या वाढायच्या, आणि एकदा तर वैमानिकही आत बसलेला निघाला, टोपीसकट. कुणी पाहिलं म्हणाल तर कुणीच नाही. पण अर्जुनरावांच्या बायकोच्या, शालनबाईच्या कुदळीला मात्र लोखंड लागलं होतं. आवाज तिनं स्वतः ऐकला होता. एवढ्या एका आवाजावर गावानं पन्नास वर्षं काढली.

खरं सांगायचं तर तिथं विमान नव्हतं. तिथं शालनबाईची पहिली मुलगी होती.

कस्तुरा अकरा महिन्यांची होऊन गेली. एकाहत्तर साल, पाकिस्तानशी लढाई चाललेली, विमानं दिवसभर डोक्यावरून जायची. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोर थंड पडली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. अर्जुनरावांनी तिला हातांवर घेतलं, भावकीतल्या एकाच्या खांद्यावर कुदळ दिली आणि दोघं वावराकडे गेले. बायकांनी जायचं नसतं. शालन तेव्हा बावीस वर्षांची होती. तिनं दारातून नवऱ्याची पाठ तेवढी पाहिली. सासरे आबाजी म्हणाले, पोरगीच होती, रडत बसू नका, देव पोरगा देईल. तिनं रडणं गिळलं आणि दुपारच्या भाकरी थापायला बसली.

पुढच्या उन्हाळ्यात आबाजींनी काढलं, की खालचा कोपरा उगाच पडून आहे, तो नांगरून कांद्याचे वाफे घालू. शालननं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बापापुढं मान वर करणारा नव्हता. आणि सुनेनं सासऱ्याला अडवायचं ही तर त्या घरात रीतच नव्हती. मातीची माती झाली, असं म्हणून त्यांनी नांगर घातलाच असता, असं तिच्या मनानं घेतलं. दुपारी ती भाकरी घेऊन वावरात गेली आणि थोड्या वेळानं धापा टाकत परत आली.

"मामंजी, कुदळ लोखंडाला लागली. खण्णकन वाजलं. खाली कायतरी मोठं हाय."

आबाजींचा चेहरा उतरला. विमानांच्या गोष्टी त्यांनीही ऐकल्या होत्या, आणि विमान म्हटलं की त्यांना बॉम्बच दिसायचा. त्यांनी लेकाला विचारलं, "तू तिथंच खणलं व्हतंस ना रं? तुला काय लागलं व्हतं का?"

अर्जुनरावांनी तो खड्डा कमरेइतका खणला होता. मऊ काळी माती होती, साधा खडा लागला नव्हता. त्यांनी टोपी काढून झटकली, बायकोकडे मात्र पाहिलं नाही. मग म्हणाले, "व्हय. टणक लागलं व्हतं."

पुढं सेहेचाळीस वर्षं दोघांनी संसार केला, पण या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. अर्जुनरावांनी कोपऱ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि दर वर्षी ते नवं केलं. खंडेनवमीला लोक अवजारांची, ट्रॅक्टरची पूजा करत, तेव्हा शालनबाई ताट घेऊन त्या कोपऱ्यात जायची. गाव म्हणायचं, चालली विमानाची पूजा करायला. ती मातीवर हळदीकुंकू वाहायची आणि गुळाचा खडा ठेवायची. लहान पोरांना गूळ आवडतो.

इथवर सगळं झाकून राहिलं होतं. पण मग रविराज झाला, मोठा झाला, आणि त्यानं विमान मनावर घेतलं. चाकणच्या एका कंपनीत तो पार्ट तपासायच्या कामाला होता. शिफ्ट करून आला की जुन्या विमानांची चित्रं घेऊन बसायचा. कात्रणांची एक जाडजूड फाइल केली होती, दोनदा सरकारी कचेरीत अर्जही टाकून आला होता. लोकांना आयतंच सापडलं. "काय पायलट, कधी उडवताय?" हे त्यानं मिसरूड फुटल्यापासून पन्नाशीपर्यंत ऐकलं. तो चिडायचा नाही. "माझ्या आईनं सोताच्या कानानं ऐकलंय," एवढंच म्हणायचा, आणि समोरचा गप्प व्हायचा, कारण शालनबाई खोटं बोलते असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिनं दुसरं खोटं जन्मात बोललेलं नव्हतं. नवरा गेल्यावर तरी लेकाला सांगून टाकू, असं तिनं कितीदा मनाशी ठरवलं. पण विमानाचं नाव काढलं की त्याचा चेहरा असा खुलायचा की तिची जीभ उचलायचीच नाही.

यंदा वावर बिल्डरकडे गेलं. आजूबाजूची सगळी आधीच गेली होती, यांचंच तेवढं मधे राहिलं होतं. रविराज सही करून आला तो हसतच. "आई, पार्किंगला वीस फूट खोल जाणार हायेत. आता निघंल बघ." शालनबाईनं त्या दिवशी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

मग तिनं जुनंच शस्त्र काढलं. बिल्डरचा माणूस वावरात आला तेव्हा काठी टेकत गेली आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यात बॉम्ब हाय. हात लावू नका." माणूस घाबरला, काम थांबलं. शालनबाईला आठ दिवस गाढ झोप लागली. नवव्या दिवशी दोन मुलं एक यंत्र घेऊन आली. चार चाकांचं, बाबागाडीसारखं. काटे बाजूला करून त्यांनी ते त्या कोपऱ्यावरून आडवं-उभं ढकलत नेलं. निम्मं गाव बघायला जमलं होतं. तासाभरानं त्यातल्या एकानं सांगितलं, "लोखंड नाही, बॉम्ब नाही. खाली काही नाही. नुसती माती आहे."

काही नाही, हे शब्द शालनबाईच्या काळजात रुतले. लोकांनी मात्र पोट धरून हसून घेतलं. रविराजनं काखेतली फाइल दुसऱ्या काखेत घेतली आणि घरी आला.

दिवेलागणीला तो ओट्यावर बसून होता. त्याची बायको जयमाला चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. शेवटी म्हणाला, "आई, खरं सांग. तू ऐकलं व्हतंस ना?"

सांगायची वेळ हीच होती, आणि हे शालनबाईलाही कळत होतं. पण दिवसभर लोकांनी सोलून काढलेला तो लेक तिच्यासमोर बसला होता. आता आईनंही त्याला खोट्यात काढायचं? ती म्हणाली, "व्हय रं. खण्णकन वाजलं व्हतं."

तिनं मनाशी हिशेब मांडला होता. खोदाई रस्त्याच्या बाजूनं सुरू होणार, कोपऱ्यापर्यंत यायला चार-पाच दिवस लागणार. उद्या फटफटायच्या आत खुरपं घेऊन जायचं, लेकीचं जे काही उरलं असेल ते धुवट फडक्यात घ्यायचं आणि इंद्रायणीत सोडायचं. या विचारात ती तळमळत राहिली, आणि पहाटे नेमका तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तोंडावर ऊन आलं होतं.

"आत्या, चहा घ्या," जयमाला म्हणाली. "हे पहाटंच गेलं. रात्री तुमच्याशी बोलल्यापास्नं जिवात जीव आला त्यांच्या. यंत्र चुकलं असंल, आई चुकायची न्हाई, म्हणाले. पोकलेनवाल्याच्या हातापाया पडून आधी तुमचा कोपराच खोलायला लावलाय."

शालनबाई अनवाणीच निघाली. पोहोचली तेव्हा कोपऱ्याच्या जागी खड्डा होता, दोन पुरुष खोल. रविराज काठावर वाकून आत बघत होता.

"आई, बारा फूट झालं. अजून काय लागलं न्हाई, पण आपण जाऊ खाली."

"रवी, वरची माती कुठं गेली?"

"ती गेली हायवा डंपरात भरून. चाकणला भरावाला. का गं?"

ती खाली मातीत बसली. "विमान न्हाई रं. कधीच नव्हतं. तुझी थोरली बहीण व्हती तिथं. अकरा म्हैन्यांची. नांगर घालू नये म्हणून मी तसं बोलले."

एक बहीण होऊन गेली एवढं त्याला माहीत होतं. कुठं ठेवली, हे त्यानं विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पोकलेनवाल्याला हात करून काम थांबवलं. मग आईला उठवून गाडीत बसवलं. गाडी चाकणकडे निघाली; आळंदी मागे पडल्यावर त्यानं तोंड उघडलं.

"जन्मभर लोक हसले मला, आई."

"व्हय."

"तू बघत व्हतीस."

"बघत व्हते. तुला हसू दिलं, म्हणून ती झाकून राहिली." मग तिनं पदर तोंडाला लावला. "कालबी सांगाया पायजे व्हतं. दोघांचंबी वाटोळं केलं मी."

चाकण जवळ आलं तेव्हा त्यानं विचारलं, "नाव काय व्हतं?"

"कस्तुरा," ती म्हणाली. आबाजींनी घरात ते नाव काढू दिलं नव्हतं, आणि पुढं कुणी काढलंही नव्हतं. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

चाकणला एका नव्या शेडच्या मागं भराव चालला होता. मातीचे वीसेक ढीग रांगेनं पडलेले. समाधान नावाचा बीडकडचा ऑपरेटर जेसीबीनं ते पसरत होता. सकाळी चऱ्होलीहून पाच खेपा आल्या, हे त्याला माहीत होतं. पण त्यांचे ढीग यांतले कुठले, ते तो सांगू शकेना. काही ढीग तर पसरूनही झाले होते. रविराज जाऊन एका ढिगापुढं उभा राहिला.

"काका, बाजूला व्हा. चारच्या आत सपाट करून द्यायचंय मला."

रविराजनं दोन्ही हात पसरले. "थांब. खाली बॉम्ब हाय."

शालनबाईनं आपलं शस्त्र ओळखलं. तेच शब्द होते, आणि म्हणायची तऱ्हाही तीच.

समाधान हसला. "काका, चऱ्होलीची माती यंत्रानं तपासून आलीय. काहीच न्हाई म्हणं तिच्यात." त्यानं गिअर टाकला.

रविराजचे हात खाली आले. "माझी बहीण हाय हिच्यात," तो म्हणाला. "बारकी व्हती. वावरात पुरली व्हती. मीच उकरून हिकडं पाठवली."

समाधाननं चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. तो खाली उतरला, पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि म्हणाला, "आधी सांगायचं न्हाई का काका. असं कळल्यावर कोण मशीन घालतंय."

शालनबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ना ओळखीचा ना पाळखीचा, पोटासाठी कुठून तरी आलेला पोरगा, आणि एका वाक्यावर थांबला होता. आबाजी थांबले असते का? नसतेही कदाचित. पण तिनं त्यांना कधी सांगूनच पाहिलं नव्हतं. तिनं लोखंड सांगितलं, बॉम्ब सांगितला, विमान वाढू दिलं. माझी लेक आहे तिथं, हे चार शब्द तेवढे तिच्या तोंडून निघाले नव्हते.

"आई, कुठला ढीग?" रविराजनं गुडघ्यांवर बसत विचारलं.

तिला सांगता येईना. त्रेपन्न वर्षं जिच्यावर हळदीकुंकू वाहिलं ती माती यांतली कुठली, ते तिला ओळखू येईना. सगळी सारखीच काळी होती. ती जवळच्या ढिगाशी बसली आणि रडली, पोर गेल्यावर आई रडते तशी, मोठ्यानं, कुणाचीही पर्वा न करता. रविराज शेजारी बसून दोन्ही हातांनी माती चाळत राहिला.